मनाजोगता मोबाइल क्रमांक कसा मिळतो?



घरात नवे सिमकार्ड घ्यायचे ठरले की प्रत्येकाची मागणी निराळी असते. आईला पटकन पाठ होणारा क्रमांक हवा असतो. दादाला आपल्या मोटारसायकलच्या पाटीवरचेच चार अंक शेवटी हवे असतात. धाकटीला स्वतःची जन्मतारीख हवी असते. दुकानदार मात्र पडद्यावर दहा-वीस क्रमांकांची यादी दाखवतो आणि म्हणतो, “यांतला एक निवडा.” धाकटीची जन्मतारीख त्या यादीत नसते.

ही यादी ठरवतो कोण? आपल्याला हवा तोच क्रमांक कंपनी ‘तयार’ करून का देत नाही? आणि एकदा मिळालेला क्रमांक कायमचा आपला होतो काय? या प्रश्नांची उत्तरे मिळवायची तर आधी एक साधा दिसणारा प्रश्न सोडवावा लागेल. तुमचा क्रमांक असतो तरी कोठे? फोनच्या यंत्रात, सिमकार्डात, की आणखी कोठे?

क्रमांक म्हणजे वाट

आरंभीच्या दूरध्वनी केंद्रांत माणसे बसत. तुम्ही नाव सांगायचे आणि त्यांनी दोन तारा हाताने जोडून द्यायच्या. अमेरिकेतील कॅन्सस सिटी गावात अल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय करी. असे सांगतात की, केंद्रात बसणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती व ती त्याची गिऱ्हाइके नवऱ्याकडे वळवी. खरे-खोटे काही असो, स्ट्राउजरने मध्यस्थ माणसाशिवाय जोडणी करणारे यंत्र शोधून काढले आणि १८९१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

या यंत्राची युक्ती सुरेख होती. एका चौकटीत तारांची १०० टोके दहा ओळींत मांडलेली असत, प्रत्येक ओळीत दहा. तुम्ही तबकडीवर ४ फिरवलेत की तारेतून विजेचे चार स्पंद जात आणि यंत्राचा दांडा चार पायऱ्या वर चढे. मग ७ फिरवलेत की तो आडवा वळून सातव्या टोकापाशी थांबे. झाली ४७ क्रमांकाची जोडणी! अधिक अंक हवे असतील तर अशी यंत्रे एकापुढे एक जोडायची.

यातले मर्म लक्षात घ्या. या केंद्रात क्रमांक म्हणजे नाव नव्हे, ती एक वाट होती. पहिल्या अंकाला कोठे वळायचे, दुसऱ्याला कोठे, याची ती आज्ञा होती. त्यामुळे ‘मला अमुकच क्रमांक द्या’ असे कोणी म्हटले, तर त्याच्या घराची तार उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावी लागे. गाव बदलले तर तो क्रमांक बरोबर नेणे शक्यच नव्हते.

०२११४ काय सांगतो?

आपण उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात जाऊ. पुणे–लोणावळा लोकलने निघालात की तळेगाव आणि वडगाव सोडल्यावर कान्हे स्थानक येते. त्याच्या पुढे कामशेत. या परिसरातील तारेच्या दूरध्वनीचा सांकेतिक क्रमांक ०२११४ आहे. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२.

आता थोडे मोजा. आरंभीचे शून्य म्हणजे ‘हा फोन गावाबाहेरचा आहे’ एवढीच सूचना; ते बाजूला ठेवा. पुण्याचे २० हे दोन अंक आणि घरचे आठ अंक मिळून दहा. मावळचे २११४ हे चार अंक आणि घरचे सहा मिळून पुन्हा दहाच! मोठ्या शहरात दूरध्वनी अधिक, म्हणून घरच्या क्रमांकाला अधिक अंक दिले आणि सांकेतिक क्रमांक आखूड ठेवला. लहान गावांच्या बाबतीत याच्या उलट केले. पण बेरीज सगळीकडे सारखी. साऱ्या देशाच्या क्रमांकांची अशी एक राष्ट्रीय योजना असते आणि केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग ती आखतो.

भारतात भ्रमणध्वनीवरून, म्हणजे मोबाइलवरून, पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढे मोबाइललाही दहा अंकच मिळाले, पण त्यातले सुरुवातीचे अंक गाव सांगत नाहीत. सांगणार तरी कसे? मोबाइलचा मालक सकाळी कान्ह्याला असतो, दुपारी शिवाजीनगरला आणि रात्री लोणावळ्याला. तेव्हा ‘क्रमांक म्हणजे वाट’ ही कल्पना येथे सोडूनच द्यावी लागली.

दोन नोंदवह्या

मग मोबाइलचा क्रमांक असतो कोठे? उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो तुमच्या फोनमध्ये नसतो आणि खऱ्या अर्थाने सिमकार्डातही नसतो.

सिमकार्डाच्या चिमुकल्या चकतीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, जास्तीत जास्त १५ अंकांचा ओळख-क्रमांक. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात; भारतासाठी ४०४ किंवा ४०५. त्यापुढचे काही अंक कंपनीचे आणि उरलेले त्या कार्डाचे. दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त किल्ली. ही किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही. कंपनीचा संगणक एक आकडा पाठवतो, कार्ड किल्लीच्या साहाय्याने त्यावर गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. उत्तर जुळले की कार्ड खरे.

तुमचा दहा अंकी मोबाइल क्रमांक कंपनीच्या संगणकातील एका नोंदवहीत असतो. तिला आपण ‘घरची नोंदवही’ म्हणू. तिच्यात एका बाजूला तुमचा दहा अंकी क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या सिमचा ओळख-क्रमांक असतो. शिवाय ‘सध्या हा ग्राहक कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे’ हेही तेथे टिपलेले असते. प्रत्येक केंद्राची आणखी एक ‘पाहुण्यांची नोंदवही’ असते. आपल्या हद्दीत आता कोण कोण आले आहे, याची नोंद तिच्यात होते. नव्या पिढीच्या जाळ्यांत या नोंदवह्यांची नावे बदलली आहेत, पण काम तेच आहे.

समजा, तुम्ही कान्हे स्थानकावर लोकलची वाट पाहत उभे आहात आणि नागपूरहून मामा फोन करतात. मामांच्या बाजूचे केंद्र प्रथम तुमच्या घरच्या नोंदवहीला विचारते, “हा ग्राहक कोठे आहे?” नोंदवही तुमच्या हद्दीतील केंद्राकडे चौकशी करते. ते केंद्र तेवढ्या संभाषणापुरता एक तात्पुरता क्रमांक काढून देते. त्या क्रमांकाच्या आधारे मामांचा फोन मावळच्या दिशेने निघतो. मग त्या भागातील मनोऱ्यांवरून रेडिओलहरींनी तुमच्या कार्डाच्या नावाने हाक मारली जाते. हवेत ती हाक अनेक फोनांना ऐकू जाते, पण उत्तर देतो तुमचा एकटाच. तुमच्या खिशात घंटी वाजते. एवढा खटाटोप काही सेकंदांत उरकतो.

म्हणजे, मित्रहो, वाट सांगणारा क्रमांक वेगळाच असतो आणि तो काम झाले की टाकून दिला जातो. तुमचे दहा अंक हे केवळ नोंदवहीतले नाव आहे. एवढे कळले की मघाचे सगळे प्रश्न सोपे होतात.

धाकटीची जन्मतारीख

आता निवडीचे गणित पाहू. आपल्याकडे मोबाइलचे क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. पहिल्या जागी चार पर्याय आणि पुढच्या नऊ जागी प्रत्येकी दहा, म्हणून एकूण ४ × १०^९, म्हणजे ४०० कोटी क्रमांक शक्य आहेत. पण हे सारे दुकानात मिळत नाहीत. दूरसंचार विभाग क्रमांकांच्या मालिका करून त्या कंपन्यांना वाटून देतो आणि तेही मंडळांनुसार. मोबाइल सेवेसाठी देशाची २२ मंडळे केली आहेत. मुंबई, नवी मुंबई व कल्याण या दूरध्वनी क्षेत्रांचे मिळून एक मंडळ आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे दुसरे. कान्हे या दुसऱ्या मंडळात येते.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना ९८२२ किंवा ९४२२ हे आरंभ ओळखीचे असतील. आपल्या मंडळातल्या या जुन्या मालिका. पहिले चार अंक ठरले की उरतात सहा, म्हणजे एका मालिकेत १० लाख क्रमांक.

समजा, धाकटीचा जन्म ३१ ऑक्टोबरचा. तिला शेवटी ३११० हवे आहेत. पहिले चार अंक ठरलेले, शेवटचे चार ठरलेले. मधल्या दोन जागांवर ०० पासून ९९ पर्यंत काहीही चालेल. म्हणजे १० लाखांच्या मालिकेत तिच्या मनाजोगते क्रमांक फक्त १००. त्यातले बहुतेक आधीच कोणाकडे तरी असणार. तिने जन्मसालाचे दोन अंक धरून शेवटचे सहाही अंक ठरवले, तर संपूर्ण मालिकेत तसा क्रमांक एकच! तो दुसऱ्याच्या नावावर चालू असेल तर कंपनीला तो काढून देता येत नाही. नोंदवहीत एका नावापुढे दोन माणसे लिहिली तर मामांचा फोन जाणार कोणाकडे?

‘फॅन्सी’ क्रमांकांचेही असेच. शेवटचे चारही अंक सारखे असावेत, असे म्हणाल तर ०००० पासून ९९९९ पर्यंत अशा १० जोड्या आहेत. प्रत्येकीचे १०० क्रमांक, म्हणून १० लाखांत १,०००. हजारात एक! शेवटचे सहाही अंक सारखे हवे असतील तर लाखात एक. असे क्रमांक कंपन्या बाजूला काढून ठेवतात आणि त्यांचे वेगळे पैसे घेतात. भारत संचार निगम तर अशा क्रमांकांचा जाहीर ई-लिलाव करते.

येथे पदार्थविज्ञानाचा शिक्षक या नात्याने एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हजारो रुपये मोजून घेतलेल्या क्रमांकावर आवाज अधिक स्पष्ट येत नाही, की रेडिओलहर अधिक दूर पोहोचत नाही. लहरीला तुमचा क्रमांक ठाऊकच नसतो. संगणकाच्या दृष्टीनेही सगळे दहा अंक सारखेच. किंमत आहे ती दुर्मिळतेची आणि माणसाच्या स्मरणशक्तीची. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. कोणी दोन अधिक, कोणी दोन कमी. दहा सुटे अंक म्हणजे ओझेच. पण ‘शेवटी सहा वेळा सात’ ही एकच गोष्ट झाली. ज्या दुकानाची पाटी धावत्या गाडीतून वाचली जाते, त्या दुकानदाराला अशा क्रमांकाचा खरा उपयोग आहे. तुम्हा-आम्हाला जन्मतारीख पुरे.

तेव्हा हवा तो क्रमांक शोधण्याची रीत अशी. आधी ठरवा, नक्की किती अंक हवेत. जितके कमी अंक आग्रहाने धराल तितके पर्याय अधिक, आणि प्रत्येक अंक सोडलात की पर्याय दहापट होतात. मग कंपनीच्या अधिकृत दुकानात किंवा तिच्या संकेतस्थळावर शोधा. एका कंपनीकडे नसेल तर दुसरीकडे पाहा, कारण दोघींच्या मालिका निराळ्या असतात. ‘तुम्हाला हवा तो क्रमांक मिळवून देतो, आधी पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्या परक्या माणसावर विश्वास ठेवू नका. ज्याच्या हाती नोंदवहीच नाही, तो नोंद कशी करून देणार? आणि हो, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सिमकार्ड तुमच्या नावावर मिळत नाही. धाकटीचा क्रमांक आईच्या किंवा बाबांच्या नावावरच राहील.

कंपनी सोडा, क्रमांक ठेवा

क्रमांक हे नुसते नाव असेल, तर कंपनी बदलली तरी ते टिकायला हवे. तसे ते टिकतेही. ही सोय भारतात प्रथम हरियाणात नोव्हेंबर २०१० मध्ये आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून मंडळ बदलले तरी क्रमांक बरोबर नेता येऊ लागला. ‘पोर्ट’ हा शब्द, मग एक जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा एक संकेत येतो. तो नव्या कंपनीला द्यायचा. बहुतेक राज्यांत हा संकेत चार दिवस चालतो.

पडद्यामागे काय होते? सगळ्या कंपन्यांच्या वापरासाठी एक सामाईक नोंदवही ठेवलेली आहे. ‘हा क्रमांक आता अमुक कंपनीकडे गेला’ असे तिच्यात लिहिले जाते आणि फोन जोडण्याआधी ती पाहिली जाते. म्हणूनच ९८२२ पाहून आज कंपनी ओळखता येत नाही. फक्त मालिका मूळ कोणाची होती एवढेच कळते. पुढेमागे तो क्रमांक कायमचा बंद झाला तर तो त्या मूळ कंपनीकडे परत जातो.

नाव दुसऱ्याचे होते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. क्रमांक नोंदवहीत आहे, हे जसे सोयीचे तसेच जोखमीचेही आहे. नोंद बदलली की क्रमांक दुसऱ्याचा होतो, मग जुने कार्ड तुमच्या हातात असले तरी त्याचा उपयोग नाही.

समजा, आजोबांचा जुना फोन कपाटात पडून आहे. त्यात पैसे भरलेले नाहीत आणि तो कोणी वापरतही नाही. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ती जोडणी बंद करू शकते. बंद झालेला क्रमांक आणखी किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही. त्यानंतर मात्र तो पुन्हा यादीत येतो आणि कोणीतरी अनोळखी माणूस दुकानात तो हौसेने निवडतो. त्यात त्याचा काहीच दोष नाही. पण आजोबांच्या पेन्शनच्या खात्याला तोच क्रमांक जोडलेला असेल, तर बँकेचे संदेश त्या माणसाकडे जाऊ लागतील!

नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ९० दिवसांची ही मुदत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तेथे सांगितली. आपली माहिती सुरक्षित राहावी याची काळजी आधीच्या ग्राहकानेही घ्यायला हवी, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. क्रमांक सोडायचा असेल तर प्रथम बँक, आधार, गॅसजोडणी अशा सर्व ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा, मग जुना बंद करावा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

दुसरी जोखीम लबाडीची. तुमचे सिम हरवले तर कंपनी नवे कार्ड देते आणि नोंदवहीत तुमच्या क्रमांकापुढे नव्या कार्डाची ओळख लिहिते. एखाद्या ठगाने तुमच्या नावाची खोटी कागदपत्रे दाखवून हेच केले, तर तुमचा फोन एकाएकी मुका होतो आणि बँकेचे संकेत त्याच्याकडे जातात. म्हणूनच कार्ड बदलल्यावर पहिले २४ तास लघुसंदेशांची सेवा बंद ठेवण्याचा नियम आहे. तेवढ्या वेळात खऱ्या मालकाच्या लक्षात यावे, हा त्यामागचा हेतू. तसेच १ जुलै २०२४ पासून, कार्ड बदलल्यावर सात दिवस कंपनी बदलण्याचा संकेत मिळत नाही. उघड्यावर असूनही फोन बराच वेळ ‘सेवा नाही’ असे दाखवू लागला, तर घरच्यांना सांगून दुसऱ्या फोनवरून कंपनीकडे चौकशी करा. आणि असले संकेत फोनवर कोणालाही सांगू नका.

करून पाहा

फोनवर *#०६# दाबा. पडद्यावर १५ अंक येतील. तो तुमच्या यंत्राचा क्रमांक. मोठ्यांच्या परवानगीने जुने, बंद झालेले सिमकार्ड घेऊन त्यावर छापलेला लांब क्रमांक वाचा. भारतातील कार्ड असेल तर आरंभी ८९९१ दिसेल. हा कार्डाचा क्रमांक. या दोन्हींत तुमचे दहा अंक कोठे सापडतात का ते शोधा. सापडणार नाहीत, आणि का सापडणार नाहीत हे आता तुम्ही इतरांना सांगू शकाल.

मग वहीत एक तक्ता करा. घरात कोणाचा कोणता क्रमांक आहे, तो कोणाच्या नावावर आहे, कोणत्या बँकेला व कोणत्या कामाला जोडलेला आहे आणि त्यात शेवटचे पैसे कधी भरले, हे त्यात लिहा. आजी-आजोबांपासून सुरुवात करा. त्यांचा एखादा क्रमांक बंद पडायच्या बेतात आहे असे दिसले, तर तो त्याच दिवशी चालू करून घ्या.